प्रांजलीच्या गाडीची बॅटरी

२४ ऑगस्ट, रविवार

प्रांजलीची गाडी विकायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी म्हणालो आणि नयना "बरं" म्हणाली. कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, ऐकू गेलं की नाही म्हणून पुन्हा विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली आणि कोथिंबीर निवडत राहिली.

पोरगी जाऊन येत्या शनिवारी दोन वर्षं होतील. तेव्हापासून गाडी शेडमध्ये आहे, अंगावर ताडपत्री, पुढचं शटर खाली. शेडला मागच्या अंगणात उघडणारं एक छोटं दार आहे. नयना तुळशीला पाणी घालते आणि रिकामा तांब्या हातात धरून त्या दाराकडे बघत उभी राहते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतो. मी निदान घराबाहेर पडतो. सकाळी बागेत निवृत्त मंडळींबरोबर सरकारला शिव्या घालून येतो, बँकेत जातो, चार माणसं भेटतात. ही घरातच. रोज डोळ्यांसमोर मुलीची गाडी आणि मुलगी नाही, हे कुणाला सोसेल? गाडी गेली की तिला जरा मोकळं वाटेल, असं माझं मत आहे.

मात्र प्रांजलीची गाडी कुणी दोरीला बांधून ओढत नेलेली मला बघवणार नाही. ती स्वतःच्या इंजिनावर गेटाबाहेर पडली पाहिजे.

दुपारी शटर उघडून किल्ली फिरवली. टक् असा आवाजसुद्धा नाही. मीटर लावला. बारा व्होल्टची बॅटरी, चारसुद्धा दाखवत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

बॅटरी पिशवीत घालून रिक्षानं बॅटरीवाल्या दयानंदच्या दुकानात नेली. त्यानं लोड टेस्टर लावला, काटा हलला नाही. "इदु सत्तुहोगिदे सर. मेली ही," म्हणाला. "होसदु, नवी घाला. ही इथंच सोडा, एक्सचेंजमध्ये कमी करून देतो." सगळीकडे तीच पद्धत. नवी बॅटरी घेतली की जुनी दुकानदाराच्या ढिगात जाते.

मी ती उचलली आणि त्याच रिक्षानं घरी परत आणली. दयानंद बघतच राहिला.

कारण लिहूनच टाकतो. ही बॅटरी प्रांजलीनं स्वतः बसवलेली आहे. मी फक्त हाताची घडी घालून शेजारी उभा होतो, सूचना देत. लाल वायर आधी, काळी शेवटी. काढताना काळी आधी. तिनं पाना हातात घेऊन माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या फॅक्टरीतले लोक तुम्हाला मागून काय म्हणायचे हो?" सगळं बसवून झाल्यावर बॅटरीच्या डोक्यावर नेलपॉलिशनं तारीख घातली. गुलाबी. मे महिन्यातली. ऑगस्टमध्ये डेंगी झाला.

ती तारीख दयानंदच्या ढिगात नाही जाणार. नयनाला मी सांगितलं की विकायच्याच गाडीत नवी बॅटरी घालणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. तेही खरंच आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

कारखान्यात सगळी वर्षं टेस्टिंगला काढली. एखादा माल बाद ठरवायचा तर सगळ्या चाचण्या झाल्यावर, दुकानदाराच्या काट्यावर नाही.

मागच्या अंगणात, कपडे धुवायच्या दगडावर लाकडी फळी टाकून तिच्यावर बॅटरी ठेवली. हवा खेळती हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, अंगात जुना सुती शर्ट. शेजारी बादलीत खायच्या सोड्याचं पाणी. टर्मिनलवर पांढरट हिरवी बुरशी चढली होती, ती सोड्याच्या पाण्यानं धुतली, फसफसून निघाली. सहाही टोपणं उघडली. आतल्या प्लेटा कोरड्या पडल्या होत्या. त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं. वरून ॲसिड घालायचं नसतं. ते आतच असतं, मीठ होऊन प्लेटांना धरून बसलेलं. हळूहळू करंट दिला तर सुटतं आणि पाण्यात परत येतं. घाई केली तर बॅटरी तापते आणि प्लेटा वाकतात. चार्जर सगळ्यात कमी आकड्यावर ठेवला.

नयना संध्याकाळी निरांजन घेऊन तुळशीपाशी आली. मी आडवा आलो. "इथे आता दिवा लावायचा नाही. उदबत्तीही नाही."

"किती दिवस?"

"बॅटरी होईपर्यंत."

तिनं निरांजनावर हात धरला आणि आत गेली. मग दारातूनच म्हणाली, "होईल का हो पण ती?"

तिलाही आता हे संपवायचं आहे तर. बरं वाटलं.

३० ऑगस्ट, शनिवार

बॅटरीला हात लावला नाही.

नयनानं पुरण घातलं होतं. प्रांजलीला आवडायचं म्हणून. आम्ही दोघांनी एक-एक पोळी खाल्ली. बाकीच्या शेजारी अनुसूया अक्कांकडे पाठवल्या.

४ सप्टेंबर, गुरुवार

फुगे येताहेत! पहिले पाच दिवस बॅटरी ढिम्म होती, करंटच घेईना. आज टोपणांतून बारीक बुडबुडे दिसले. पाच सेलमध्ये दिसले, तिसऱ्यात कमी. हायड्रोमीटरनं ॲसिड मोजलं तर तिसरा सेल अजून लालमध्ये आहे. बाकीचे हळूहळू वर सरकताहेत.

नयना दिवसातून दोनदा येऊन विचारते, "झाली का?" छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या कामात तिनं एवढा रस घेतलेला आठवत नाही. मी टर्मिनलला ग्रीस लावत होतो तेव्हा चहाचा पेला हातात घेऊन शेजारीच उभी होती. तिलाही गॉगल घालायला लावला. गॉगल घालून चहा पिणारी नयना बघून अक्का गच्चीवरून हसल्या. नयनाही हसली.

११ सप्टेंबर, गुरुवार

बॅटरी गाडीत बसवली. लाल आधी, काळी शेवटी.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि छताचा दिवा लागला. पिवळा, मंद, पण लागला. नयना पीठ भरल्या हातांनी मागच्या दारात येऊन उभी होती. "लागला," म्हणाली. त्या एका शब्दात किती दिवसांनी जीव होता! मला वाटलं, आता गाडी लवकरच जाईल या विचारानं तिला हलकं वाटलं असणार.

किल्ली फिरवली तर स्टार्टर अर्धवट कण्हला आणि थांबला. अजून ताकद नाही. पण दोन आठवड्यांपूर्वी तो कण्हतसुद्धा नव्हता.

ठरवलं असं, की दोन-तीन दिवस बाहेर चार्ज करायची, दोन-तीन दिवस गाडीत बसवून ठेवायची आणि टिकते का बघायचं.

गाडीची पुढची काच आतून पुसली. डॅशबोर्डवर तिची केसांची क्लिप. दाराच्या कप्प्यात च्युइंग गमची पाकिटं. ती मारतहळ्ळीच्या ऑफिसमधून यायची. रिंग रोडच्या ट्रॅफिकमधून सुटेपर्यंत नऊ वाजायचे. गेटावर हॉर्न वाजला की नयना शेडमध्ये हजर. आणि मग दोघी आत येतील तर शपथ! आई शेजारच्या सीटवर, दार अर्धं उघडं, वरचा दिवा चालू आणि गप्पा. मी इकडे ताटं घेऊन बसलेलो. हाका मारायचो, "जेवायला चला." मग, "अगं, आमटी गार झाली." मग, "अगं, बॅटरी उतरेल." "आलो, आलो." येत नसतच. नंतर नयनाला विचारलं की काय एवढं बोलत होतात, तर म्हणायची, "काही नाही, ऑफिसचं."

क्लिप होती तिथंच ठेवली. ग्राहक येईल तेव्हा काढीन.

१४ सप्टेंबर, रविवार

बॅटरी उतरली. बसवली तेव्हा साडेबारा व्होल्ट, आज साडेअकराच्याही खाली. गाडी जागची हलली नाही, किल्ली फिरवली नाही, मग गेली कुठे?

काढून परत दगडावर.

१७ सप्टेंबर, बुधवार

दगडावर असताना बॅटरी बरोबर टिकते. काल चार्जर काढून दिवसभर नुसती ठेवली होती, काटा जेमतेम हलला. म्हणजे दोष बॅटरीत नाही, गाडीत आहे. कुठेतरी गळती आहे. संध्याकाळी परत बसवली.

गाडीत आणखी एक उद्योग निघाला आहे. शेजारच्या सीटवर कोडुबळ्याचे, म्हणजे इथल्या कडबोळ्यांचे, तुकडे आणि मुंग्यांची रांग. उंदीर असणार. स्वयंपाकघरातून उचलतात आणि तिथे निवांत बसून खातात. वायरिंगही त्यांनीच कुरतडलं असेल. नयनाला म्हटलं, डब्याला घट्ट झाकण लाव. "लावते," म्हणाली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज नयनावर ओरडलो, आणि त्याचं मला काही वाटत नाही, कारण प्रश्न जिवाचा होता.

बॅटरी पुन्हा उतरली म्हणून सकाळी काढली. पावसाची चिन्हं होती म्हणून चार्जिंगची फळी शेडमध्ये घेतली आणि शटर निम्मं वर ठेवलं. जेवून आडवा झालो. चारला उठून बघतो तर शटर पूर्ण खाली आणि नयना मागच्या दारानं शेडमधून बाहेर येतेय. बंद शेड, चार्ज होणारी बॅटरी आणि आत माणूस! तिनं दिव्याचं बटण दाबलं असतं आणि तिथं ठिणगी उडाली असती तर? मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

"शटर कशाला पाडलंस?"

"रस्त्यावरून दिसतं सगळं."

"काय दिसतं? आणि तू आत काय करत होतीस?"

"वाळवणाची टोपली बघायला गेले होते," म्हणाली.

पुठ्ठ्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून शेडच्या दोन्ही दारांना पाट्या लावल्या: चार्जिंग चालू, आत येऊ नये. घरात आम्ही दोघंच आहोत, त्यामुळे पाटी कुणासाठी ते उघडच आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

अनुसूया अक्का गच्चीवरून म्हणाल्या, "सर, स्वल्प लक्ष ठेवा हं. नयनाक्का दुपारच्या वेळी त्या शेडात जाऊन किती वेळ बसतात. उकाडा किती आत."

मी सांगितलं की पाटी लावली आहे, आता जाणार नाही. अक्का काहीतरी आणखी बोलणार होत्या. "सरी बिडी, जाऊ द्या," म्हणाल्या आणि दोरीवरचे कपडे काढत राहिल्या.

वाळवणाला एवढा वेळ?

काल एक ग्राहक फोनवर मिळाला. नाव बसवंत, निपाणीकडचा, इथे मेट्रोच्या डेपोत नोकरीला आहे. बायकोला चालवायला शिकवायचं म्हणून जुनी गाडी हवी आहे. "आयुधपूजेच्या आदी गाडी दारात पायजे बघा सर. नवी गाडी आली म्हणून पूजा करतो." आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, एक तारखेला. अठ्ठावीसला, रविवारी यायला सांगितलं. नयनाला सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्या लवकर?"

२२ सप्टेंबर, सोमवार

सापडली गळती!

शनिवारी बॅटरी बसवली तेव्हा मीटर जोडून बघितलं होतं, करंट नावालासुद्धा नाही. आणि संध्याकाळी बॅटरी खाली. सकाळी गळत नाही, संध्याकाळपर्यंत गळून जाते, अशी गळती मी जन्मात पाहिली नव्हती. मग काल दिवसभर चार्ज करून रात्री परत बसवली आणि एक फ्यूज काढून ठेवला, छताच्या दिव्याचा. आज संध्याकाळी रीडिंग घेतलं तर बॅटरी जिथल्या तिथे. म्हणजे चोर तोच. दाराचं बटण कुठेतरी अडकत असणार आणि दिवा मधूनच आपोआप लागत असणार.

तो फ्यूज घड्याळालाही लागतो, म्हणून परत बसवला आणि दिव्याचा बल्बच काढला. स्क्रूच्या डब्यात ठेवला आहे. एवढासा बल्ब, आणि दहा दिवस मला नाचवलं!

२४ सप्टेंबर, बुधवार

बॅटरी टिकली आहे. आज किल्ली फिरवली, स्टार्टर दोनदा कण्हला, तिसऱ्यांदा इंजिन लागलं. शेड धुरानं भरलं, मी खोकत बाहेर आलो आणि अंगणात एकटाच हसत उभा राहिलो. दयानंदला नेऊन दाखवावीशी वाटली.

नयनाला हाक मारली. ती झोपली होती. दोन दिवस तशीच आहे, जेवायचं मन नाही म्हणते. ताप नाही. नवरात्रातल्या रांगोळीला अंगणातसुद्धा आली नाही. मी म्हटलं, "ऐक ना, सुरू झाली." ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "झाली ना? मग आता दिवा लागेल का?"

"कुठला?"

"काही नाही."

तुळशीचा म्हणत असणार. म्हटलं, गाडी गेली की लाव खुशाल.

२८ सप्टेंबर, रविवार

आजचं क्रमानं लिहितो.

बसवंत अकराला आला. तरणा, हसरा माणूस. बूट गेटाबाहेर काढून आला, गाडी बघायलासुद्धा. मी शटर पूर्ण वर केलं, किल्ली त्याच्या हातात दिली. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. "झकास हाय की ओ सर," म्हणाला. बॉनेट उघडून बघितलं, चाकांना लाथा मारून बघितल्या, आत बसला, आरसा फिरवला. मग दार उघडं टाकून वर बघितलं.

"आतला दिवा लागत न्हाई काय ओ?"

मी सांगणार होतो की बल्ब काढून ठेवला आहे, आत्ता आणून देतो. नयना तेवढ्यात मागच्या दारातून कॉफीचे पेले घेऊन आली होती. ती माझ्याआधी बोलली.

"लागतो. दार उघडलं की लागतो. गेल्या सोमवारपासूनच लागत नाही."

"मी काढला तो," मी म्हणालो. "बॅटरी उतरत होती म्हणून."

"तुम्ही काढलात?"

तिनं ट्रे बॉनेटवर ठेवला. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही.

"मला वाटलं, तो आपणहून गेला. मला वाटलं, तुमची बॅटरी पूर्ण झाली की परत लागेल. मी रोज जाऊन बघत होते."

इंजिन चालू होतं. बसवंत आरसा नीट करत बसला होता. मी शेजारच्या सीटकडे बघितलं. मुंग्या अजून होत्या. सीट मागे सरकवलेली होती, पाय लांब करून बसता येईल एवढी, आणि सगळ्या गाडीत तेवढ्याच एका सीटवर धूळ नव्हती. हे सगळं मी महिनाभर बघत होतो. बघत होतो आणि उंदीर म्हणत होतो.

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. बसवंतला म्हणालो, "गाडी द्यायची नाही. बॅटरी खराब आहे."

"पण आत्ता एका झटक्यात चालू झाली की सर."

"आत्ता झाली. भरवसा नाही. तिसरा सेल मेलेला आहे."

"मग नवी घालतो की मी. ही तुमी ठेवून घ्या."

काय चूक बोलत होता तो? आयुष्यात एका चाचणीचा निकाल खोटा लिहिला नाही, आणि आज चालू गाडीपाशी उभं राहून गाडी चालत नाही म्हणत होतो. बसवंतनं एकदा माझ्याकडे, एकदा नयनाकडे बघितलं. डॅशबोर्डवरची क्लिप हातात घेतली, बघितली आणि होती तिथंच ठेवली. "ऱ्हाऊ दे सर," म्हणाला. कॉफी मात्र पूर्ण प्याला, पेला विसळायला नळ कुठे आहे ते विचारलं, बूट घालून गेला.

नयना आत निघून गेली होती. मी स्क्रूचा डबा काढला. बल्ब लावताना दोनदा खाली पडला. फुटला नाही.

मग शेडच्या दोन्ही पाट्या काढल्या. एकोणीस तारखेचं आत्ता लक्षात येतंय. बंद शेडमध्ये हायड्रोजन साठत होता आणि ती तिथं गाडीचं दार उघडून बसली होती, दिवा लागेल म्हणून. बॅटरी गाडीत नव्हती म्हणून लागला नाही. म्हणून ती आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार

चार्जिंगची जागा पुढे गेटाजवळ हलवली, तिथं वारा असतो. तुळशीपाशी आता काही नाही. संध्याकाळी नयनानं न विचारता निरांजन नेलं.

रात्री अंथरुणावर विचारलं, "आधीही बसायचीस?"

"हो."

"कधीपासून?"

"ती गेल्यापासूनच. तेव्हा दिवा लागायचा. मग एक दिवस लागेनासा झाला. मग अंधारातच बसायचे, पण अंधारात बोलता येत नाही हो."

म्हणजे बॅटरी मुळात मेली कशानं तेही कळलं. दुपारी मी झोपतो. इतकी गाढ झोप मला का लागते कोण जाणे.

"मला सांगायचंस."

"तुम्ही गाडी विकायची म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला ती बघवत नाही."

दोघंही उशिरापर्यंत जागे होतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. दोन वर्षं केली नव्हती.

सकाळी मल्टिमीटर, चार्जर, पाने, नयनाचं शिलाई मशीन आणि मिक्सर ओळीनं मांडले, सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. अनुसूया अक्का कोहळा घेऊन आल्या, तो गाडीवरून ओवाळून गेटापाशी फोडला. चाकांखाली लिंबं ठेवली. आता गाडी पुढे न्यायची. मी नयनाला म्हणालो, तू बस शेजारी. ती बसली. स्टार्टर कण्हत राहिला, सकाळच्या गारठ्यात तिसरा सेल हटून बसला होता. पण इंजिन लागलं. हातभर पुढे घेतली, लिंबं चिरडली, थांबवली, परत मागे शेडमध्ये. तेवढाच प्रवास. ही बॅटरी रस्त्यावर न्यायच्या लायकीची नाही, हे मी कुठल्याही कागदावर सही करून देईन. छताचा दिवा मात्र ती आरामात ओढते.

दुपारी झोपलो नाही. नयना डबा घेऊन मागच्या दारानं गेली. मी थोडा वेळ स्वयंपाकघरात उभा राहिलो. मग शेडच्या दारापर्यंत गेलो. जावं की जाऊ नये कळेना. ती तिचीच जागा होती, मला कधी कुणी बोलावलं नव्हतं. आत दिवा लागलेला दिसत होता.

"या की," नयना आतून म्हणाली. "बाहेर काय उभे?"

मी ड्रायव्हरच्या जागी बसलो. तिनं डबा पुढे केला. कोडुबळी. खाल्ली.

"काय बोलतेस तिच्याशी?"

"दिवसभरातलं. अक्कांच्या सुनेचं, भाजीचं. तुमचंसुद्धा. सांगितलं की बाबा महिनाभर बॅटरी घेऊन बसलेत, मला गॉगल घालून चहा प्यायला लावतात."

"आणि तेव्हा काय बोलायचात? ती होती तेव्हा?"

"असंच सगळं. ऑफिसचं." मग म्हणाली, "तुम्ही हाका मारायचात ना, तेव्हा मी उठायला लागायचे. ती हात धरायची. म्हणायची, आई, थांब, बाबांची तिसरी हाक येऊ दे. ती बॅटरीची असते. मग जाऊ."

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून रडलो. तिच्या क्लिपला दोन केस अडकलेले होते, ते मला आजच दिसले. नयनानं डब्याचं झाकण लावलं, पाठीवर हात ठेवला आणि मला रडू दिलं. मी विचारलं, मग ती तिसरी हाक ऐकून हसायची का? "दर वेळी," नयना म्हणाली.

कितीतरी वेळ बसलो असू. दिवा किंचित पिवळा पडलेला मला कळला, तिलाही कळला.

"दार लावायचं का हो?" तिनं विचारलं. "बॅटरी उतरेल."

"उतरू दे," म्हटलं. "उद्या भरतो."